भरिताच्या वावरात सूर्यफूल

मित्रांनो, धरणगावच्या अलीकडे दिसतं ना, ते जुनं वावर मी. माझ्यात नाव ठेवायला जागा नव्हती. भरिताची हिरवी वांगी घ्यायला लोक बांधावर ताटकळायचे. शेजारच्या वावराकडे मी तेव्हा ढुंकूनही पाहत नसे.

मग पलीकडे कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी घातली. भट्टी गेली, शिसं माझ्या अंगात राहिलं. माती तपासणारे साहेब म्हणाले, "इथलं काही खायचं नाही." ज्याचं पीक गुरालासुद्धा घालायचं नाही, त्या वावरानं तोंड कुठे लपवावं?

साहेबांच्या सांगण्यावरून माझ्यात सूर्यफूल पेरलं. ते मुळांनी शिसं ओढतं आणि काडीत साठवतं. म्हणून काड्या उपटून साहेबांच्या गाडीत द्यायच्या, जाळायच्या नाहीत. असं वर्षानुवर्षं करायचं. येणारे-जाणारे फुलांचे फोटो काढत. मला वाटे, दवाखान्याचे कपडे घालून रस्त्यात उभं केलंय मला.

माझे मालक निंबा आबा. त्यांच्या लेकीला, हेमांगीला, पसंत केलेली धुळ्याची माणसं थंडीत भरीत खायला वावरात आली. सोयरीक मोडेल म्हणून आबांनी माझं दुखणं लपवलं होतं. वांगी विकत आणली होती. नवऱ्या मुलाची आई कोकिळाबाई बाजाराची पिशवी बघून हसली, "आबा, भरितनं वावर, आनि वांगा बाजारना?"

आबांचं तोंड उतरलं. "वांगा बाजारना, पन काड्या मना वावरन्या!" म्हणत त्यांनी कपाशीच्या काड्या बाजूला सारल्या आणि साहेबांच्या गाडीसाठी बांधून ठेवलेली सूर्यफुलाची मोळी पेटवली. वर वांगी मांडली. तो विषाचा धूर मी खाली पडून बघत होतं.

तेवढ्यात त्यांची बायको सुगंधाबाई आली. तिनं भरली घागर आगीवर ओतली. "हेमांगीना बाप, अक्कल गहान ठेयी का? त्या काड्यास्मा शिसं शे! पाव्हनास्ना पोटमा घालतस?"

मग तिनं पाहुण्यांना भट्टीपासून सगळं सांगितलं. वांगी फेकली, राख गोणीत भरली. मी शरमेनं गार पडलं.

कोकिळाबाई त्या गोणीपाशी आली. मग म्हणाली, "हाई वावर कव्हय बरं व्हई?"

"माहीत नही, अक्का," सुगंधाबाई म्हणाली.

"मंग लगीन तवलग थांबाडानं शे का? त्या कपाशीन्या काड्या पेटाडा. भूक लागनी."

मित्रांनो, सोयरीक टिकली, माझी लाज मात्र अजून गेलेली नाही. पण एवढं ऐका. फुटक्या बॅटऱ्या मातीत टाकू नका. आणि माती आजारी पडलीच, तर चारचौघांत सांगा. झाकलेलं दुखणं पाहुण्यांच्या ताटापर्यंत जातं, हे मी पाहिलं आहे.