सुनिताला सांगू नको

विसरवाडीच्या फाट्यावर पोलिसांनी सुरतेची बस थांबवून भरतच्या पिशवीतून सहा किलो गांजा काढला. ही बातमी डोंगरातल्या त्यांच्या गावी पोचली तेव्हा त्याची आई रुखमाबाई दारात तूर निवडत होती. फोन आला तो तिच्या सुनेला, सुनिताला. मुलगा आपला आणि कळवायचं मात्र त्याच्या बायकोला. त्या घटकेलाही रुखमाबाईला आधी हेच लागलं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. सुनिता आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस. भरत सुरतेला बांधकामावर होता. तिथून तो सुनिताशी तासभर बोलायचा आणि फोन ठेवताना विचारायचा, "आई जेवली का?" रुखमाबाईच्या वाट्याला तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघी जीपने तळोद्याला उतरल्या आणि तिथून बसने नंदुरबारला आल्या. कोर्टाच्या फाटकापाशी एकाने गाठलंच. आठ दिवसांत सोडवतो, साहेब ओळखीचे आहेत, म्हणाला. रुखमाबाई त्याच्यामागे निघालीसुद्धा. सुनिताने त्याला वकिलीची सनद दाखवायला सांगितली, तसा तो गर्दीत दिसेनासा झाला. मग विचारत विचारत तिने विधी सेवेचं कार्यालय शोधलं, अर्ज लिहिला, आणि वकील मिळाली. एकता जैन तिचं नाव, मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी.

"आपल्याला फी लागणार नाही," सुनिता म्हणाली. रुखमाबाईला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं, हिला सगळंच कसं जमतं?

वकीलबाई मराठीत बोलायची आणि सुनिता ते घरच्या बोलीत सासूला सांगायची. स्वतःच्या पोराचं काय होणार, हेही रुखमाबाईला सुनेच्या तोंडून ऐकावं लागत होतं.

"किलोच्या आत असतं तर थोडक्यात निभावलं असतं. वीस किलो असतं तर जामीनही कठीण. हे मधलं आहे," एकता म्हणाली. "आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं का, हा खरा प्रश्न. कोर्ट ठाऊक होतं असंच धरून चालतं. नव्हतं, हे आपण दाखवायचं. पण पिशवी कुणी दिली ते तो सांगतच नाही. कुणाला तरी पाठीशी घालतोय."

"माझ्यापासून त्याने कधी काही लपवलं नाही," सुनिता म्हणाली.

पिशवी रुखमाबाईनेच दिली होती. भरत सुट्टी संपवून सुरतेला परत निघाला त्या दिवशी तिचा भाचा जामसिंग ती घेऊन आला होता. मोहाची फुलं आहेत, सुरतेच्या स्टँडवर माझा माणूस उतरवून घेईल, म्हणाला; वहिनीला कळू देऊ नकोस, ती शंभर प्रश्न विचारेल. तिला ते आवडलं होतं. भरतला पिशवी देताना तिनेही बजावलं, "मामाच्या घरची आहे. सुनिताला सांगू नको." किती दिवसांनी मायलेकांत असं काही होतं की ज्यात सुनेला जागा नव्हती.

आणि आता तो आईसाठी तोंड मिटून बसला होता. परतताना जीपमध्ये रुखमाबाईला भीती वाटत होतीच, पण तिला मनातून सुखही होत होतं. बायकोला नाही सांगितलं त्याने. माझ्यासाठी. ते सुख तिने चार दिवस जपलं. सुनिता चुलीपुढे बसून डोळे पुसायची, तेव्हाही.

पाचव्या दिवशी तुरुंगात भेट मिळाली. जाळीपलीकडे भरत निम्मा झालेला. त्याने सुनिताकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मान खाली घातली.

"दहा वर्षंसुद्धा होऊ शकतात," सुनिता म्हणाली. "पिशवी कुणाची, एवढं सांग."

"तू दुसरं घर बघ. मी अडवणार नाही."

रुखमाबाईला दोन वर्षं हेच तर ऐकायचं होतं. पण पोराचा चेहरा तिला बघवेना. सुनिताने जाळीत बोटं घातली आणि म्हणाली, "मी कुठे जात नाही." भरत तिथेच रडला. आईसमोर तो लहानपणीही असा रडला नव्हता. रुखमाबाईचा जीव जळला, आणि त्याच जळण्यात तिला कळलं की तो गप्प बसला म्हणून तो आपला होत नाही.

बाहेर लिंबाखाली ती म्हणाली, "पिशवी मी दिली." जामसिंगचं सांगितलं. सुनिताला सांगू नको असं आपणच भरतला बजावलं होतं, तेही सांगितलं.

सुनिताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चल. वकीलबाईला सांगू."

एकताने सावध केलं, "हे लिहून दिलं तर पोलीस तुम्हालाही गोवू शकतात, मावशी." सुनिताने ते सासूला नीट समजावलं, दोनदा.

"लिहा," रुखमाबाई मराठीत, थेट वकीलबाईला म्हणाली.

पोलिसांनी तिला तीनदा चौकशीला बोलावलं. जामसिंग धडगावात सापडला. त्याच्या फोनमध्ये सुरतेच्या माणसाचे निरोप होते. तिसऱ्या महिन्यात भरतला जामीन मिळाला. खटला अजून चालायचा होता.

तुरुंगातून सुटल्यावर भरत आधी आईच्या पाया पडला. ती म्हणाली, "चुकलं माझं." त्याने तिचं गाठोडं उचलून घेतलं. बसमध्ये मात्र तो सुनिताशेजारी बसला. रुखमाबाई मागच्या बाकावरून दोघांची हलकी कुजबूज ऐकत होती. शब्द कळत नव्हते.

सुनिता मागे वळली. "आई, पुढची तारीख सोळाला आहे. तुलाही यायचंय."

"त्याने तुलाच सांगितलं वाटतं," रुखमाबाई म्हणाली.

"वकीलबाईने सांगितलं," सुनिता म्हणाली, आणि तिला खिडकीकडे सरकायला सांगून तिच्याशेजारी येऊन बसली.