पालथ्या बादलीखालची पाथरी

मी पाथरी बोलतेय, तुमच्या पायाखालून. मोठ्यानं बोलायची सवय नाही मला. जमिनीला चिकटून वाढणाऱ्यांना ती नसतेच. बशीसारखी पानं पसरायची, मधून एक पिवळं फूल वर काढायचं, त्याचा कापूस झाला की वाऱ्यावर सोडायचा, आणि तोवर बाजूला आणखी चार ठिकाणी मुळं धरून ठेवायची. कित्येक वर्षं एवढंच करतेय. खरं सांगू का, दमलेय. पण आमच्यात थांबायची पद्धत नाही.

माझा जन्म अक्कलकोटकडच्या एका काळ्या रानात झाला. रान बसम्माच्या घरचं. ज्वारीच्या काकऱ्यांतून मी उगवायची आणि बसम्मा खुरपं घेऊन यायची. शिव्या मला कानडीतून मिळायच्या, कारण मनापासूनचं सगळं ती कानडीतूनच बोलते. उपटलेली मी निम्मी म्हशीपुढं जायची आणि निम्मी दुपारच्या भाकरीवर. कच्चीच. सोबत शेंगाची चटणी, वर तेलाची धार. तिचे मालक म्हणायचे, हिच्याशिवाय भाकर घशाखाली उतरत नाही. म्हणजे ताटात मी हवी आणि पिकात नको. माणसांच्या घरातही काहींची अशीच गत असते, हे मला पुढं शहरात आल्यावर कळलं.

मग मालक गेले. दोन वर्षांनी रान रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. बसम्मा सोलापुरात, भवानी पेठेत मुलाकडं राहायला आली. येताना तुळशीसाठी म्हणून रानातली माती तिनं तुपाच्या डब्यात भरून आणली. तुळस महिन्याभरात वाळली आणि त्या डब्यातून मी वर आले. कुणी बोलावलं नव्हतं मला.

बसम्मानं मला घरामागच्या परड्यात, भिंतीच्या कोपऱ्यात लावलं. जिनं जन्मभर खुरप्यानं माझी मान छाटली, तीच आता चार दिवसांतून एकदा येणाऱ्या नळाचं पाणी मला तांब्यानं घालू लागली. मला पाण्याची एवढी गरज नसते. पण सांगणार कुणाला? एखादी गोष्ट हातची गेली की माणसं तिच्या उरल्यासुरल्याला फार जपतात.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर या घरात सून आली. महेश्वरी, मोडनिंबची. बोलणं कमी, बघणं जास्त. तिचा नवरा मृत्युंजय आणि बसम्मा आपसात कानडी बोलायचे, ते हिला कळायचं नाही. मग ही बिचारी जिथं भाषा लागत नाही अशी कामं शोधायची. भांडी घासलेलीच पुन्हा घासायची. निघताना तिच्या आईनं बजावलं होतं, की पहिल्या महिन्यात सासरची माणसं सुनेचा चेहरा बघत नाहीत, तिचा झाडू बघतात.

एका दुपारी बसम्मा देवळात गेली आणि महेश्वरीनं पदर खोचून परडं साफ करायला घेतलं. मी दिसले. तिनं मला ओळखलंसुद्धा. मोडनिंबला बांधाबांधावर मी असते, माणसं खातात, शेरडं खातात. पण पाथरी कुणी हौसेनं लावतं, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं मला उपटलं आणि घंटागाडीत टाकलं. माझी खोल गेलेली मुळी तेवढी खाली तुटून राहिली. माझं नेहमीच असं होतं. पूर्ण जाणं काही जमत नाही.

बसम्मा आली. कोपऱ्याकडं बघत उभी राहिली. महेश्वरी कौतुकाची वाट बघत म्हणाली, "सगळं गवत काढलं, आत्या."

बसम्मा आत गेली, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलेनाशी झाली. आमटीत मीठ कमी पडलं तरी ती लेकाला कानडीतून सांगायची आणि लेक बायकोला मराठीतून. त्यानंच महेश्वरीला सगळी हकीकत सांगितली. "रानातलं तेवढंच राहिलं होतं गं अव्वाकडं," म्हणाला. मंगळवार बाजारातून तो पाथरीची जुडी घेऊन आला, ती बसम्मानं शेजारच्या केसरबाईंच्या शेळीला घातली.

महेश्वरी मांडवपरतणीला माहेरी गेली, आणि परत येताना कॅरीबॅगमध्ये मातीसकट पाथरीचा एक गड्डा घेऊन आली. कुणी उठायच्या आत तो कोपऱ्यात लावला. पाचव्या दिवशी तो तरारला तेव्हा म्हणाली, "आत्या, मूळ राहिलं होतं वाटतं. फुटलंय."

बसम्मा खाली बसली. पानं बोटांनी उलटीपालटी करून बघितली. त्या दुपारी जेवताना ती थेट सुनेला म्हणाली, "भाकर घे की अजून. लाजतीस कशाला?"

एवढ्याशा वाक्यानं महेश्वरीचे डोळे भरले. पण त्या दिवसापासून ती कोपऱ्याकडं बघायचं टाळू लागली.

आणि नेमकी तेव्हाच मी उगवले. कोपऱ्यातून सरकत गेलेल्या त्या मुळीवर, धुण्याच्या दगडाजवळ, तीन पानं घेऊन. महेश्वरी धुणं आपटता आपटता थांबली. मी खरं मूळ फुटून आलेली, आणि तिकडं कोपऱ्यात माझी मोडनिंबची चुलत बहीण सासूचं पाणी पीत बसलेली. मला बसम्मानं बघितलं असतं, तर कोपऱ्यातली कोण, असा प्रश्न येणारच होता. महेश्वरीला मला उपटवेना आणि दाखववेना. तिनं आजूबाजूला बघितलं आणि माझ्यावर फुटकी बादली पालथी घातली.

आतल्या अंधारात मला बाहेरचं सगळं ऐकू यायचं. नळाच्या दिवशी मृत्युंजय बादलीला हात घालायला आला, तर तिनं घाईनं त्याच्या हातात घागर दिली. सासू-सुनेच्या गप्पा आता रंगायला लागल्या होत्या. बसम्मा तिला कानडीतले शब्द शिकवायची, हसायची. सून प्रत्येक हसण्याला थोडी उशिरा हसायची.

मग वेळ अमावस्या आली. ही रानात करायची पूजा. रान गेल्यापासून बसम्मा परड्यातच ज्वारीच्या ताटांची लहानशी कोप, खोपटच म्हणा, उभी करते, आत लक्ष्मी मांडते, सगळ्या भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे ठेवते. केसरबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बसम्मा, गच्चीवर कर की यंदा. रान तितंबी न्हाय अन् हितंबी न्हाय."

बसम्मानं ऐकून सोडून दिलं. कोपऱ्यातली चार पानं खुडली, नैवेद्याच्या भाकरीवर ठेवायला नेली आणि गेलेल्या नवऱ्याला सांगावं तसं हळूच म्हणाली, "रानातली हाय. घ्या."

"आत्या, ती ठेवू नका."

"का गं?"

"ती मोडनिंबची हाय. मी माहेराहून आणली. तुमच्याशी खोटं बोलले."

महेश्वरीनं येऊन बादली उचलली. नऊ दिवसांचा अंधार माझ्या अंगावर होता. पानं कावीळ झाल्यासारखी पिवळी, मान लांबलेली. बसम्मा गुडघ्यावर हात ठेवत माझ्याजवळ टेकली. महेश्वरी उभीच होती, बादली हातात धरून.

"तीस वरसं उपटली म्या हिला," बसम्मा शेवटी म्हणाली. "रोज उपटायची अन् रोज यायची. तू एका दुपारी संपवणार व्हय?"

तिनं माझ्या तीन पानांतलं एक खुडलं. अर्धं स्वतः चावलं, अर्धं सुनेच्या हातावर ठेवलं.

"पाणचट झाली. ऊन लागू दे की तिला, पोरी."

नैवेद्यावर त्या दिवशी दोघींची पानं गेली, माझीही आणि मोडनिंबचीही.

आता मी परडंभर आहे. दगडाजवळून निघाले ती कोपऱ्यापर्यंत पोचले, आणि आम्हा दोघींच्या मुळ्या कुठं एकीच्या संपतात आणि कुठं दुसरीच्या सुरू होतात, हे मलाही सांगता येत नाही. आपली कोणती ते कडूपणावरून कळतं, असं बसम्मा म्हणते. म्हणू दे. माझा कापूस केसरबाईंच्या फरशीच्या फटीत जाऊन पडलाय, म्हणजे तिकडंही आता उगवणं आलं, शिव्या आल्या, खुरपं आलं. दमलेय म्हटलं ना.

तुमच्या दारात मी दिसले तर खुशाल उपटा, भाकरीबरोबर खा, शेळीला घाला. मी कुणावर रुसत नाही. फक्त माझ्यावर काही पालथं घालू नका. उपटलेलं मला सोसतं. झाकलेलं सोसत नाही.