तेल घालण्याआधीची करकर

मी एक जुनी करकर आहे. दाराची. लांबी सव्वा सेकंद. मित्रांनो, फाटकी छत्री आपली कहाणी सांगते, मोडकी खुर्ची सांगते, आणि तुम्ही निमूट ऐकून घेता. मी तर मुळातच आवाज आहे. बोलायचा अधिकार मला त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच.

एका जुन्या सातमजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती. तिला पत्रा ठोकलेलं लाकडी दार होतं. ते वाऱ्याने हलायचं, करकरायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप मोडायची. त्यांनी तक्रार केली. लिफ्टची मेकॅनिक आली, हातात तेलाची बुधली. तिने दार एकदा उघडलं आणि मान तिरकी करून ऐकलं, डॉक्टर छाती ऐकतात तसं. मग बुधली खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि दार पुन्हा उघडलं, सावकाश. ती मी. पाच मिनिटांनी बिजागरीत तेलाचे चार थेंब पडले आणि ते दार जन्माचं मुकं झालं. आवाज बंद करायला आलेल्या बाईने आधी तो टिपून ठेवला, म्हणून मी आहे. हे उपकार मी विसरले नाही. काही लोक विसरले, ते पुढे येईलच.

तिने मला एका खेळाला देऊन टाकलं. खेळाचं नाव ‘दोनशे दारं’. एक ओसाड हॉटेल, तुम्ही त्याचे रखवालदार, आणि एकेक खोली उघडून प्रवाशांचं विसरलेलं सामान ज्याचं त्याला पोचवायचं. हा खेळ फुकट मिळतो. नुसता फुकट नाही, ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचं पोट उघडं असतं. कुणीही आत डोकवावं, कसा बनवलाय ते पाहावं, हवं ते बदलावं आणि पुढच्याला द्यावं. तो करणाऱ्यांना पगार नाही, साहेब नाही, रजाही नाही, कारण नोकरीच नाही.

या सगळ्याचं सुकाणू चष्मेवाल्यांच्या हाती होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान. दुपारी एक ते चार बंद. त्या वेळात इतर दुकानदार वामकुक्षी घेतात. आमचे चष्मेवाले आतल्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, कॉम्प्युटर उघडून बसायचे. यंत्राची पांढरी पूड कळफलकावर बसलेली असायची. त्यांची बायको जेवणाचा डबा ठेवताना म्हणायची, “झाल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून? आता घरची खा.” ते खायचे, पण डाव्या हाताने. उजवा माउसवर असायचा.

त्यांचे सोबती तर बघण्यासारखे, पण त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. सगळे टोपणनावांनी वावरत. ‘अक्कलदाढ’ म्हणजे दातांचा एक डॉक्टर. दाढ बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात तो खेळातल्या एका खोलीचा गालिचा रंगवायचा. दोनशे खोल्यांचे दोनशे गालिचे, एकासारखा दुसरा नाही. ‘पोचपावती’ हे निवृत्त पोस्टमन. खेळातलं अक्षर न् अक्षर त्यांनी तीन भाषांत नेऊन पोचवलं आणि एकही शब्द ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत पाठवला नाही. एक मुलगी खेळाचा नकाशा करत होती. तिला बाळ झालं आणि ती पाचव्या मजल्यावर अर्धा जिना सोडून अंतर्धान पावली. तो जिना दोन वर्षं हवेत संपत होता.

भांडणंही झाली. जिथे चार माणसं फुकट काम करतात तिथे पाच मतं असतात. दर्शनी दालनाचा रंग हिरवा की तपकिरी, यावर सव्वा वर्ष वाद चालला. शेवटी एक जण चिडून वेगळा निघाला. घरात भांडण झालं की माणूस वेगळी चूल मांडतो. इथे अख्ख्या घराची नक्कल करून घेऊन जातो आणि कायद्याने त्याला तशी मुभा असते. त्याने ‘दोनशे एक दारं’ काढला. आठ महिन्यांनी एका दुपारी तो परत आला, काही न बोलता तो हवेतला जिना पूर्ण केला आणि पुन्हा कामाला लागला. कुणी त्याला एका शब्दाने टोचलं नाही. अशा माणसांसमोर मला करकरायचीसुद्धा लाज वाटते.

करकरले मात्र भरपूर. माझ्याशिवाय दुसरा दाराचा आवाजच नसल्यामुळे दोनशेही दारांना मीच. बारा वर्षं. कुणी लिहायचं, “दार उघडलं की अंगावर काटा येतो, वा!” कुणी लिहायचं, “लोखंडी दार लाकडासारखं कसं काय वाजतं? अक्कल आहे का?” फुकट खेळणाऱ्यांचं एक वैशिष्ट्य मी टिपून ठेवलंय. दमडी न देता ते गिऱ्हाइकासारखे रागावू शकतात.

आणि मग शाळांची समिती आली.

शाळांसाठी मोफत सॉफ्टवेअर गोळा करणारी ही मंडळी. त्यांना ‘दोनशे दारं’ चारशे शाळांतल्या कॉम्प्युटरांवर घालायचा होता. चष्मेवाल्यांनी ते पत्र तीन वेळा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. अट एकच. खेळातलं प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज ज्याने दिला, त्याने ‘वापरा, बदला, पुढे द्या’ असं लेखी लिहून द्यायला हवं. मुदत पंधरा दिवस. नाहीतर पुढच्या वर्षी बघू, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मंडळी कामाला लागली. अक्कलदाढने दोनशे गालिच्यांवर सह्या केल्या. पोचपावतींनी जुने पत्ते हुडकून बेचाळीस माणसं शोधली. नकाशावाली मुलगीही सापडली. बाळ शाळेत जात होतं. दहाव्या दिवशी सगळं जमलं होतं आणि यादीत एकच ओळ रिकामी राहिली. दाराचा आवाज. दिला कुणी? नोंद नाही. बारा वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांनी एवढंच लिहिलं होतं, ‘दाराचा आवाज टाकला. आता पुरे.’

साधा उपाय होता. दुसरं दार शोधा. मित्रांनो, त्या दोन दिवसांत मला कळलं की जगातली दारं सुधारली आहेत. अकरा जणांनी अकरा दारं पाठवली. सात वाजतच नव्हती. एकात मागे कुकरची शिट्टी. एका भल्या माणसाने तोंडाने काढलेला आवाज पाठवला. पण अक्कलदाढच्या औषधांच्या कपाटाचा आवाज खरंच बरा निघाला. मला काढायचं आणि त्याला बसवायचं, दोन मिनिटांचं काम.

चष्मेवाल्यांचं बोट बटणावर होतं. कागदोपत्री सगळं चोख असावं म्हणून मला काढल्याची तारीख लिहिण्याआधी माझी आल्याची तारीख बघावी, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी जुन्या पत्रांचा ढीग उपसला.

माझं पत्र सापडलं. खाली टोपणनाव होतं, ‘वंगण’. “हे दार आता वाजत नाही. आवाज उपयोगी पडला तर बघा. तपासले. २२१७.” समितीला एवढं पुरणार नव्हतं. पण त्याच्या खाली वंगणचं आणखी एक पत्र होतं, पंधरा दिवसांनंतरचं. “तुमच्या हॉटेलात काचेची लिफ्ट आहे. डबा वर जातो तेव्हा पलीकडचं वजनही वर जातं. खऱ्या लिफ्टमध्ये ते खाली यायला हवं, एकाच दोराची दोन टोकं आहेत ती. तपासले. २२१७.”

त्याला चष्मेवाल्यांनी उत्तर दिलेलं होतं. तो आठवडा मला चांगला आठवतो. खेळाची कुठेतरी तारीफ छापून आली आणि तक्रारींची रोज सत्तर पत्रं येऊ लागली. चष्मेवाल्यांनी तीन ओळींचं एक उत्तर तयार करून ठेवलं आणि सगळ्यांना तेच चिकटवलं. “हा खेळ आम्ही फावल्या वेळात फुकट करतो. दोष दिसत असेल तर नुसता दाखवू नका. स्वतः दुरुस्त करून पाठवा.”

वंगणच्या पत्राला एक फाइल जोडलेली होती. कधीच न उघडलेली. त्यांनी ती आता उघडली. आत दुरुस्ती होती. पूर्ण, नीटनेटकी, चौदा ओळींची.

त्यानंतर वंगणचं पत्र नव्हतं.

चष्मेवाल्यांनी त्या चौदा ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. चार वाजले, दुकान उघडायची वेळ टळून गेली. बायको बघायला आत आली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, “अहो, तो दुसरा आवाज टाका आणि मोकळे व्हा ना. चारशे शाळा आहेत.”

“आवाज दुसरा मिळेल गं,” ते म्हणाले. “या पत्राचं काय करू?”

तिने पत्र पुन्हा वाचलं. मग तीच म्हणाली, “हा नंबर कसला? आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कार्ड लावलेलं असतं, त्यावर अशीच सही असते. तपासले, आणि खाली आकडा.”

वंगणचा ईमेल केव्हाच बंद पडला होता. घरी जाऊन त्यांनी त्या कार्डावरच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, लिफ्ट अडकली आहे का?

“नाही. उलटी चालते.”

“आत किती माणसं आहेत?”

“कुणी नाही. म्हणजे, खेळातली लिफ्ट आहे.”

“साहेब, घाबरू नका. शांत उभे राहा. दरवाजा हाताने उघडू नका.”

दहा मिनिटं समजूत घातल्यावर बाईंना उमगलं, आणि त्या हसल्या. “२२१७? त्या आमच्या मॅडम. आता नव्या मेकॅनिकना शिकवतात.”

मुदतीला दोन दिवस उरलेले. चष्मेवाले तिथे गेले तेव्हा मी त्यांच्या खिशात, फोनमध्ये होते. मोठी शेड, मधोमध उघडी लिफ्ट, आणि मॅडम हातातल्या पान्याने वजनाकडे बोट दाखवत कुणाला तरी खडसावत होत्या. केस पांढरे झाले होते. पत्र सापडल्यापासून त्या फोनपर्यंत चष्मेवाले वंगण म्हणजे कुणी मिशाळ गृहस्थ असेल असं धरून चालले होते. त्यांनी मला वाजवलं.

मॅडमची मान तिरकी झाली. “वरची बिजागरी,” त्या म्हणाल्या. “खालची ठीक होती.”

चष्मेवाल्यांनी माफी मागितली. घरून पाठ करून आणलेली चार वाक्यं होती, त्यातली दोन विसरली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “दुरुस्त करून पाठवा, असं आलं तुमचं. म्हटलं, तेच तर पाठवलंय. मग वाटलं, यांना मेकॅनिक नकोय, गप्प बसणारं माणूस हवंय.”

“माझं चुकलं, मॅडम.”

“लिफ्ट झाली का नीट?”

“नाही,” चष्मेवाले म्हणाले. बारा वर्षं वजन वरच जात होतं. त्यांनी परवानगीचा कागद पुढे सरकवला. मॅडमनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

“आधी लिफ्ट. उलट्या लिफ्टवर मी सही करत नाही.”

जुन्या चौदा ओळी आता बसेनात. बारा वर्षांत खेळ आतून पार बदलला होता. मग शेडच्या कोपऱ्यात ग्रीसचे डाग पडलेल्या टेबलावर दोघं बसली. मॅडम सांगत, चष्मेवाले लिहीत. पहिल्या खेपेला वजन खाली आलं आणि डबाही खाली आला. दुसऱ्या खेपेला दोर तुटल्यासारखं वजन जमिनीतून आरपार गेलं. “हे शाळेत दाखवू नका,” मॅडम म्हणाल्या. दोन चहा झाले. सहाव्या खेपेला काचेचा डबा वर निघाला आणि वजन सावकाश, शहाण्यासारखं खाली आलं. मॅडमनी तसं तीनदा करून पाहिलं, आणि मग सही केली. तपासले. २२१७.

यादीत नाव काय घालू, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. “वंगणच असू दे. आणि त्या दाराचंही लिहा. काम त्याने केलं, मी नुसता फोन धरला.” म्हणून खेळाच्या शेवटी, दोनशे गालिच्यांच्या खाली, आता एक ओळ येते. ‘दाराचा आवाज: गच्चीवरचं दार. आणला: वंगण.’ चारशे शाळांतली मुलं ती ओळ न वाचता पुढे जातात. हरकत नाही. ती आहे.

त्या तीन ओळींचं उत्तर चष्मेवाल्यांनी पुसून टाकलं. आता ते प्रत्येकाला आधी एवढंच लिहितात, “पत्र मिळालं. जोडलेलं उघडून बघतो.” वेळ जास्त लागतो. डबा अजून डाव्या हातानेच खातात.

महिन्याभराने मॅडम दुकानात आल्या, जवळचं वाचायला चष्मा करायला. दुकानाचं लोखंडी चौकटीचं काचेचं दार ढकललं तर ते असं किंचाळलं की चष्मेवाले ओशाळले. कधीपासून तेल घालीन म्हणतोय, असं काहीसं ते पुटपुटू लागले. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं, पिशवीतून बुधली काढून बाजूला ठेवली आणि फोन काढला. अशी मला बारा वर्षांनी धाकटी बहीण झाली. लोखंडी दारांना आता ती वाजते. मला जरा विसावा मिळाला.

मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूतही दोष असतात, आणि ते जरूर दाखवा. वंगणने दाखवलाच होता. आणि तुमचा दोष कुणी दाखवला तर रागही येईल, तो चष्मेवाल्यांनाही आला होता. माझं म्हणणं फार नाही, सव्वा सेकंदात मावेल एवढंच आहे. तेल घाला, पण आधी ऐकून घ्या.