चार बोटं झोल

बायको जाऊन महिना झाला. तिची कात्री आणायला मी पडद्यांच्या कारखान्यात गेलो, तर नवा सुपरवायझर शिवणाऱ्या सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "कात्री मिळणार नाही, काका. दर पडद्यामागे अस्तराचं कापड जास्त गेलंय. कुठे गेलं ते आधी कळू दे. बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, झोल केला म्हणून."

त्याने टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या. अक्षर तिचंच. प्रत्येक पडद्याची एक चिठ्ठी: 'झोल, चार बोटं.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत जिने इथली चिंधीसुद्धा घरी आणली नाही, तिला हा चोर म्हणत होता. तेही ती उत्तर द्यायला नसताना.

"झोल म्हणजे काय?" मी विचारलं.

"काय काका! शेंबड्या पोरालाही माहीत आहे. झोल म्हणजे घोटाळा."

आता सगळीकडे हाच अर्थ. नळ गळला तरी माझी सून म्हणते, काहीतरी झोल आहे. शेजारचा पोरगा फोनवर कुजबुजला की तोही झोल. म्हणोत बापडे. पण मी जन्मभर विजेच्या खांबांवर चढलो. आमच्यात झोल म्हणजे दोन खांबांमध्ये तार जरा सैल सोडतात, ती ढिलाई. ताठ ओढली तर थंडीत आखडते आणि तुटते. हे एकदा जेवताना बोललो, तर ती म्हणाली, "अहो, मग अस्तराचंही तेच की! धुतलं की आटतं आणि पडद्याला ओढतं." दुसऱ्या दिवसापासून ती अस्तरात चार बोटं झोल ठेवू लागली. वर मलाच म्हणाली, "तुमच्या पोटाला आहे ना, तेवढाच."

म्हणजे तो शब्द मीच कारखान्यात पाठवला होता.

"एक पडदा आणा आणि उसवा," मी म्हणालो.

तो जागचा हलला नाही. इस्त्री करणारी म्हातारी उठली. "मी आणते. गेलेल्या बाईवर आळ घ्यायला जीभ चालते, पाय चालत नाहीत होय?"

खालची कड उसवली. आत चार बोटं अस्तर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरलेलं. दुसरा पडदा, तिसरा. चार बोटं, चार बोटं.

सुपरवायझर हसला. "जाऊ द्या, काका. समजण्यात जरा झोल झाला."

"झोल नाही. चूक झाली, आणि ती तुमची. चोर मोठ्याने म्हणालात, आता हेही मोठ्याने म्हणा."

तो काहीतरी पुटपुटला.

"मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही," म्हातारी म्हणाली. बायकांनी मशीन थांबवली.

"बाईंनी काही चोरलं नाही. चूक माझी."

मी कात्री घेतली. निघताना उसवलेल्या पडद्यांकडे बोट दाखवलं. "हे परत शिवा. आणि झोल तेवढाच ठेवा."