उशी आणि ओटी

पोटावर उशी बांधायला मी हो म्हटलंच नव्हतं. पण आमच्या तुलसीरामदादाला कुणाचं हो-नाही लागतं कधी? त्यानं ठरवलं की ठरलं. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना होता. मोंतान्य ब्लांश या त्याच्या गावाहून तो बसनं आमच्या व्हाकोआच्या घरी आला. हातात भाजीचं पोतं, आणि पोत्यामागे मान खाली घालून उभी त्याची मुलगी, कामिनी. सोळा वर्षांची पोर, आणि चौथा महिना.

"इंद्राणी, हिला ठेवून घे," दादा म्हणाला. "बाळ झालं की तुझं. गावात कळलं तर लाओंत होईल, लाजेनं तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू आजपासून सगळ्यांना सांग की तुलाच दिवस गेलेत. सुईण मी बघतो. सगळ्यांचंच भलं."

ज्याच्यामुळे हे झालं तो मुलगा आमचं बेट सोडून नर्सिंग शिकायला इंग्लंडला निघून गेला होता. कामिनीची आई तर ती लहान असतानाच गेली. मग बोलणार कोण? आमचे हे, सत्यदेव, सरकारी कचेरीत दिवसभर मान हलवून येतात. घरीसुद्धा त्यांनी मानच हलवली.

आणि मी? खोटं कशाला बोलू, माझा जीव हरखला. लग्नाला पंधरा वर्षं झाली. नवस केले, डॉक्टर केले, दर गणपतीला मूर्तीपुढे पदर पसरला. जीव मेटाकुटीला आला होता नुसता. म्हटलं, देवानं ऐकलं, थोडं वाकड्या वाटेनं का होईना. व्हाकोआत पाऊस सारखा झिमझिमतो आणि थंडी हाडात शिरते, म्हणून मी लगेच लोकर आणली आणि इवले इवले स्वेटर विणायला बसले.

त्या उशीचं तर काय सांगू! सोफ्यावरची जुनी उशी, जुन्या साडीची पट्टी फाडून बांधलेली. दुकानात जरा उभी राहिले की खाली घसरायची. शेजारची भगवती म्हणायची, "इंद्राणी, पोट फार खाली आलंय गं, मुलगाच होणार बघ." कपाळ माझं!

कामिनी दोन महिने तोंडातून अक्षर काढत नव्हती. मग एक दिवस कोबी चिरता चिरता म्हणाली, "आत्या, बाळ मी देणार नाहीये."

"देणार नाही म्हणजे?"

"माझ्याकडेच ठेवणार. बाबांना मी घरीच सांगितलं होतं. तुला नाही सांगितलं त्यांनी?"

नव्हतं सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा समोर नव्हता, म्हणून सगळा राग पोरीवर निघाला. "खायला काय घालशील त्याला? शाळेचं दप्तर? अजून तुझी वेणी मी घालते, आणि निघाली आई व्हायला!"

"शिवण शिकेन." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तू मला तपासायला नेलंस ना, तेव्हा मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, जन्म तू देणार, तर आई तूच. तुझ्या मनाविरुद्ध कुणी बाळ नेऊ शकत नाही. तुझे वडील तुझे वडील आहेत, बाळाचे नाहीत."

"सिस्टरला काय जातंय बोलायला!" म्हणून मी उठले. आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. विणत मात्र राहिले. थकले होते हो मी. आशा सोडायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता.

सातव्या महिन्यात दादा पुन्हा आला आणि त्यानं पुढचा घाट घातला. भगवतीला सांगून ओळखीच्या मराठी बायका बोलावल्या, रविवारी माझी ओटी भरायला. "सगळ्यांदेखत ओटी भरली की कोण शंका घेणार?" म्हणाला. कामिनीला अंगभर शाल पांघरायला लावली आणि चहा करायला स्वयंपाकघरात बसवली. स्वतः सत्यदेवांशेजारी भिंतीपाशी लक्ष ठेवून बसला.

मी खुर्चीत बसले. हिरवी साडी, केसात गजरा, पोटावर उशी. बायका गाणी म्हणायला लागल्या. भगवतीनं कुंकू लावलं, माझ्या पदरात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी घातली. बाई गं, या एका ओटीसाठी मी किती जणींच्या डोहाळजेवणात मागे उभी राहून आवंढे गिळले होते! आणि आता नारळ उशीवर टेकला होता आणि मला नुसतं जड वाटत होतं.

तेवढ्यात कामिनी चहाचा ट्रे घेऊन आली. दारातच थबकली, एक हात शालीखाली पोटावर गेला. बाळ हललं होतं. तिच्या चेहऱ्यावर एवढंसं हसू आलं, तिचं तिलाच, आमच्यापैकी कुणासाठी नाही. मग तिनं माझ्या भरल्या पदराकडे पाहिलं आणि ते हसू गेलं.

"आयो, पोरीला बरं नाही का?" भगवतीनं विचारलं.

"काही झालं नाही तिला. आत जा गं," दादा डोळे वटारून म्हणाला.

ती वळली. निमूट वळली, तेच मला सोसवलं नाही. भांडली असती तर मी बसून राहिले असते.

"कामिनी, थांब," मी म्हटलं. "ट्रे ठेव तो. इकडे ये. फ्रॉक पसर."

"इंद्राणी!" दादा ओरडला.

मी उठले. पट्टी सुटली आणि उशी धप्पकन पायाशी पडली. गाणं बंद. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण ती उचलून पुन्हा कोण बांधणार? पदरातलं सगळं मी कामिनीच्या फ्रॉकच्या घेरात ओतलं. निम्मे तांदूळ खाली सांडले. नारळ तिनं पोटाशी घट्ट धरला.

"मी बाप आहे तिचा! ठरवणार मी!"

"तिचा आहेस ना, दादा. बाळाचा नाहीस," मी म्हटलं. "तिनं तुला सांगितलं होतं. तू मला सांगितलं नाहीस. मला आशेला लावलंस आणि मजेत घरी जाऊन बसलास."

"मग तुझं घर असंच रिकामं राहू दे!" असं म्हणून त्यानं छत्री उचलली आणि गेला. बायकाही चपला शोधत एकेक करून निघाल्या. भगवती आपलं ताट विसरून गेली. ते अजून आमच्याच फळीवर आहे, मागायला येत नाही.

सत्यदेवांनी उशी उचलली, झटकली, सोफ्यावर तिच्या जागी ठेवली. "चहा निवला," एवढंच म्हणाले, आणि ट्रे घेऊन स्वतःच गरम करायला आत गेले.

मी खालीच बसले आणि रडले. मन भरेपर्यंत रडले. कामिनी शेजारी बसून तांदूळ वेचत होती. मग मी उठून कपाटातले स्वेटर काढले आणि तिच्या मांडीवर टाकले. तिनं एक उचलला, त्याच्या बाहीत दोन बोटं घालून पाहिली.

"आत्या," तिनं हळूच विचारलं, "बाळ तुला काय म्हणेल गं?"

आई अशी हाक ऐकायला इतकी वर्षं कान टवकारून बसले होते. भाचीचं बाळ मला आई थोडंच म्हणणार?

"आजी म्हणेल," मी म्हटलं. "पण लगेच नको शिकवूस त्याला. मला जरा सवय होऊ दे."