लढाईवर कुणी खूण करत नाही

"'सरदारानं हाक देताच दोघा पहारेकऱ्यांनी उचलता पूल क्षणात वर ओढला,'" मिस्त्रींनी वाचलं आणि चष्मा कपाळावर सारला. "क्षणात म्हणे. अगं, बावीस हात लांबीचा पूल, त्यावर लोखंडी पट्ट्या. दोन माणसं काय ओढणार कपाळ? पलीकडून तोलाला वजन, काउंटरवेट नको? ह्या लेखकाला एकदा आमच्या मोटर-रूममध्ये आणून उभा करायला हवा होता."

पलंगावर त्यांची बायको छताकडे बघत होती. ओठांच्या कोपऱ्यातून आलेला ओघळ त्यांनी फडक्यानं टिपला, चष्मा खाली घेतला आणि पुढं वाचायला लागले.

आठ महिन्यांपूर्वी शाळेच्या ऑफिसात हजेरीपट लिहिता लिहिता तिच्या हातातलं पेन गळून पडलं होतं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. किती समजतंय, किती नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आवडीचं काहीतरी रोज वाचून दाखवा, एवढं ते म्हणाले. परगावी नोकरी करणारी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तिची ती तीन खंडांची कादंबरी वाचा ना. लायब्ररीची आहे बघा, तिच्या टेबलावर असेल."

"मी? मला नाही जमायचं ते. घोड्यांच्या गोष्टी."

"मग कोण वाचणार, बाबा?"

संध्याकाळी त्यांनी टेबलावरून पहिला खंड उचलून आणला. मिस्त्रींनी जन्मात वाचलं होतं ते वायरिंगचे नकाशे आणि 'लिफ्ट बंद आहे' असल्या पाट्या. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. आयुष्यभर लोकांना वरखाली नेलं, आपण मात्र होतो तिथंच राहिलो, असं ते चारचौघांत म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

कादंबरी साडेपाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या काळातली. एक किल्ला, त्या किल्लेदाराची लेक आणि मोहिमेवर जाणारा एक सरदार. बायको दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच तीन खंड आणायची, मध्ये मध्ये त्याच जातीची दुसरी पुस्तकं. संध्याकाळची कामं आवरली की एक प्रकरण. मिस्त्री घरात शिरता शिरता विचारायचे, "काय, आलं का घोडं?" लग्नानंतरची काही वर्षं ती ह्यावर हसायची. मग नुसती मान हलवायची. पुढं पुढं मिस्त्रींना एकट्यालाच हसावं लागायचं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

एकदाच, एका सुट्टीच्या दिवशी, त्यांनी नीट विचारलं होतं, "काय असतं गं एवढं त्यात?"

तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "खरंच सांगू? बघा हं, तो मोहिमेवर जातो ना, त्याच्या आधी..."

"शेवटी लग्नच होतं ना दोघांचं?"

"हो."

"मग झालं तर."

तिनं पुस्तक पुन्हा उघडलं होतं. पान शोधायला तिला थोडा वेळ लागला होता. ते पान शोधणं आता त्यांना फार वेळा दिसायचं.

पहिली खूण त्यांना एक्केचाळिसाव्या पानावर सापडली. समासात पेन्सिलीची बारीकशी बरोबरची खूण. आधी त्यांना वाटलं डाग आहे, म्हणून बोटानं पुसून पाहिला. मग चौऱ्याऐंशीव्या पानावर आणखी एक. मिस्त्रींचा स्वभाव बिघाडाचा माग काढणाऱ्याचा. त्यांनी जुन्या डायरीत पान आणि ओळ टिपायला सुरुवात केली. बायकांचं वाचन म्हणजे खुणा कुठं असणार ते उघडच होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. राजवाड्याच्या बागेतली भेट आली, सरदारानं किल्लेदाराच्या लेकीला घोड्यावर उचलून घेतलं, दोन पानं भरून चंद्राचं वर्णन आलं. समास कोरा. वेढा पडला, तोफा धडाडल्या. कोरा. तिसरा खंड चाळून पाहिला, तर लग्नाचं प्रकरण असं स्वच्छ होतं की ते कुणी उघडलंच नसावं.

खुणा भलत्याच ठिकाणी होत्या. सरदार चार महिन्यांनी मोहिमेवरून येतो, अंगावरचं चिलखत उतरवायच्या आधी दाराशीच विचारतो, "तिला झोप लागते का आता?" तिथं खूण. तिच्या तळहातात काटे घुसलेत, ती विहिरीच्या काठावर बसून एकेक काढते आहे आणि तो काही न बोलता, मदतही न करता शेजारी बसून राहतो. तिथं खूण. किल्ल्यावर सगळे पुरुष मसलतीला बसलेत, ती बोलायला उठते आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नाही. त्या परिच्छेदाला दोन खुणा. आणि पहिल्या खंडात ती सहज बोलून जाते, की लहानपणी मला उत्तरेच्या बुरुजाची भीती वाटायची, दुसऱ्या खंडाच्या शेवटी सरदार तिची राहायची जागा बदलतो आणि म्हणतो, "तू म्हणाली होतीस." ह्या तीन शब्दांखाली रेघ ओढलेली, पेन्सिलीचं टोक मोडेल इतकी दाबून.

त्या दिवशी मिस्त्रींनी पुढं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंना तासभर बसायला सांगून ते पहिले दोन खंड घेऊन लायब्ररीत गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई त्यांच्या बायकोला ओळखत होत्या. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली. मिस्त्री म्हणाले, "आहे तशीच आहे. बाई, तुमच्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्यात. माझ्या बायकोनं केल्या असतील तर तिच्या वतीनं माफी मागतो."

"कशावर केल्यात ते बघितलंत का?"

मिस्त्रींनी डायरी उघडून त्यांच्यापुढं सरकवली. बाईंनी ती वाचली, आतल्या कपाटापाशी गेल्या आणि त्याच कादंबरीचे पहिले दोन खंड घेऊन आल्या. पुठ्ठे निघालेले, पानं दोऱ्यानं बांधलेली. "ही आमची दुसरी प्रत, बांधणीला काढलीये. पहिल्यातलं एक्केचाळीस काढा."

एक्केचाळिसाव्या पानावर निळ्या शाईची खूण होती. तिच्याखाली कुणीतरी नखानं ओढलेली रेघ. पानाचा कोपरा दुमडून उलगडलेला, पुन्हा दुमडलेला. चौऱ्याऐंशीवर तसंच. दुसऱ्या खंडातल्या बुरुजाच्या वाक्यापाशी तर पाच-सहा वेगवेगळ्या हातांच्या खुणा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

"लढाईवर कुणी खूण करत नाही हो," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या पानावरही नाही. माझी तीस वर्षं गेली इथं. कुणी नवीन बाई आली आणि जुन्या काळातली प्रेमाची चांगली कादंबरी द्या म्हणाली, की मी पानांच्या कडेच्या खुणा बघून देते. किल्ले, तलवारी, दागिने काय, सगळ्यांतच असतात. वाचून पोट कशानं भरतं? बाईनं पन्नासाव्या पानावर बोललेलं तीनशेव्या पानावर पुरुषाच्या लक्षात असतं, त्यानं. तेवढं असलं की बाकी सगळं खोटं असलं तरी चालतं."

"पण त्या काळी तरी होते का असे पुरुष?"

"कुठले हो. म्हणून तर इतक्या लांब नेऊन ठेवावे लागतात. शेजारच्या घरात ठेवले तर कोण विश्वास ठेवेल?"

मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांनी आपल्या खंडातल्या खुणांवरून बोट फिरवलं. "मग ह्यातल्या माझ्या बायकोच्या कुठल्या?"

"ते कसं सांगणार? पेन्सिल तर पुष्कळ जणींकडे असते." बाईंनी पुस्तकाच्या मागचं कार्ड काढून दाखवलं. "तुमच्या बायकोचं नाव इथं अकरा वेळा आहे. माझ्याकडं एवढंच आहे. घेऊन जा तुम्ही, परत करायची घाई नाही."

घरी आल्यावर त्यांनी तिचा डावा, चांगला हात आपल्या हातात घेतला आणि पुस्तक तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "ही खूण तुझी का? असेल तर माझा हात दाब."

तिनं हात दाबला.

त्यांनी पानं उलटून विहिरीचा प्रसंग काढला. "आणि ही?" तिनं पुन्हा दाबला. मग मनात शंका आली म्हणून त्यांनी तिसऱ्या खंडातलं लग्नाचं कोरं पान धरलं. "आणि इथं?" तिनं दाबला. "मी सरदार आहे का गं?" ते हळूच म्हणाले. तिनं दाबला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि चमचा पुसून तिच्या मुठीत दिला. तिनं चमचाही तसाच दाबला.

त्यानंतरचे काही दिवस मिस्त्रींनी जमेल तसं करून पाहिलं. बाजारातून आले की पायातलं काढायच्या आधी दारातूनच विचारायचे, "झोप लागली का?" पण तो आवाज त्यांना स्वतःलाच नाटकातल्यासारखा वाटायचा, आणि उत्तर शेजारच्या बाई द्यायच्या. "लागली होती मगाशी जरा."

मग एका दुपारी ते आठवायला बसले. एकतीस वर्षांत तिनं सांगितलेलं एखादं तरी वाक्य, ज्याच्यापुढं 'तू म्हणाली होतीस' असं म्हणता येईल. येताना दूध आणा. कंपनीतून फोन आला होता. जेवण झाकून ठेवलंय. एवढ्यावर गाडी अडली. कापड गिरणीच्या इमारतीतल्या दोन नंबरच्या लिफ्टचा ब्रेक कुठल्या साली कुठल्या महिन्यात बदलला, ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुठल्या दाराला किती बोटं फट राहते, कुठला दोर कधी सुटायला आला होता, सगळं तोंडपाठ. बायकोचं एक वाक्य हाताला लागेना. पुष्कळ वेळानं एवढं आठवलं, की मुलगी लहान असताना तिघं बसनं कुठंतरी चालले होते. ती खिडकीशी होती आणि बाहेर बघून काहीतरी म्हणाली होती. इथं राहायला मिळालं तर, असं काहीसं. ते तेव्हा पेंगत होते.

त्यांनी मुलीला फोन लावला. "तुझी आई बसमध्ये काय म्हणाली होती गं?"

"कुठल्या बसमध्ये, बाबा?"

"तू लहान होतीस. तळं होतं वाटतं बाहेर. की घर होतं एखादं."

"मला कसं आठवेल, बाबा? मी केवढी असेन तेव्हा." मग तिनं विचारलं, "तुम्ही जेवलात ना?"

नवव्या महिन्यात रुग्णवाहिकेनं बायकोला मोठ्या दवाखान्यात तपासायला नेलं. डॉक्टर वयानं मुलीएवढीच होती. तिनं बायकोच्या डोळ्यांसमोर बोट धरलं, डावीकडं नेलं, मध्ये आणलं, उजवीकडं नेलं. असं तीन-चार वेळा केलं. मग मेंदूचे फोटो उजेडासमोर धरून पाहिले आणि खुर्ची मिस्त्रींच्या जवळ ओढून बसली.

"काका, ह्यापुढं फार सुधारणा होईल असं मला वाटत नाही. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही मी. बोलणं तर नाहीच येणार. समजणंही पहिल्यापेक्षा कमी झालंय."

"मी रोज वाचून दाखवतो," मिस्त्री म्हणाले. "तिसरा खंड चालू आहे."

"चांगलं करता. कुठं बसून वाचता?"

"पलंगापाशीच. दाराकडून."

"म्हणजे त्यांच्या कुठल्या हाताला?"

मिस्त्रींनी पलंग डोळ्यांपुढं आणला. डाव्या अंगाला भिंत. "उजव्या."

"उजवीकडचं त्यांना दिसत नाही, काका. दोन्ही डोळ्यांनी नाही. पहिल्या दिवसापासूनच नसणार. घरी जाताना सांगितलं नव्हतं का कुणी?"

सांगितलंही असेल. त्या दिवशी किती जणांनी किती काय काय सांगितलं होतं. मिस्त्रींनी मान हलवली, आणि ती हो होती की नाही ते त्यांनाही कळलं नाही.

परत आल्यावर बायकोला पलंगावर ठेवून रुग्णवाहिकेची माणसं गेली. मिस्त्री थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पायथ्याशी वाकून पलंगाची कड धरली आणि तिला धक्का न बसेल अशा बेतानं थोडी थोडी ओढायला लागले. आधी पायाकडून, मग डोक्याकडून, पुन्हा पायाकडून. एवढी वर्षं जड वजनं हलवलेला माणूस, पण दम लागला. भिंत आणि पलंग ह्यांच्यामध्ये दोन वीत जागा झाली. तिथं केसांचा गुंता होता, औषधाचं एक रिकामं पाकीट होतं. त्यांनी ते झाडून काढलं, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. खुर्ची मावेना, म्हणून स्टूल आणून उभं-आडवं करून बसवलं आणि पोट आत घेऊन स्वतः त्यावर बसले. गुडघे पलंगाच्या लाकडाला टेकले, पाठ भिंतीला.

तिची नजर छतावरून खाली उतरली आणि त्यांच्यावर येऊन थांबली. मिस्त्रींनी पुस्तक आणलं नव्हतं. ते म्हणाले, "मी आहे."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. घरात कुणी दुरुस्तीला आलं, की काम होईपर्यंत ती अशीच दाराला टेकून बघायची; उगाच मध्ये बोलायची नाही, आणि माणसाला बसा म्हणायलाही विसरायची नाही. थोड्या वेळानं तिच्या पापण्या जड झाल्या आणि मिटल्या.

त्यांना पाय लांब करता येत नव्हते, आणि ती जागी होईल म्हणून उठताही येत नव्हतं. ते तसेच बसून राहिले.