उकिरडे चाळून आलेली चाळण

मी एक जुनी पिठाची चाळण आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, मी परदेशात शिकून आले आहे.

चिपळूणच्या बाजारात माझा जन्म झाला. खतिजाबाई लग्न होऊन कतारमध्ये दोह्याला आल्या, तेव्हा मीही त्यांच्या बॅगेतून आले. तिथल्या अल मन्सूरा भागातल्या स्वयंपाकघरात मी वर्षानुवर्षे तांदळाचे पीठ चाळले. भाकरी मऊ झाली की कौतुक खतिजाबाईंचे व्हायचे. माझे नावही कोणी घेत नसे.

मग त्यांची लेक हनिया पुरातत्त्व शिकायला आइसलँडला निघाली. भाकरीसाठी म्हणून तिने मला सोबत नेले. भाकरी एकदाच झाली, तीही करपली. पुढे खोदकामावरची बारीक चाळणी फाटली आणि माझी रवानगी मातीत झाली. शेकडो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे उकिरडे आम्ही चाळले, एकाच घराचे नव्हे, अख्ख्या खोऱ्यातले! कुणाच्या ढिगात गाईची हाडे, कुणाच्या नुसते माशांचे काटे. पुढच्या काळातल्या थरांत लहान घरांचे ढीग आटत गेले आणि एकाच बड्या घराचा फुगत गेला. कोण चढले, कोण बुडाले, ते उकिरड्याने सांगितले. मला भारी अभिमान वाटला.

सुट्टीत आम्ही घरी आलो. हनियाला पुन्हा जायचे होते, पण अम्मीचा होकार मिळेना. त्यात खतिजाबाईंनी माझ्यातूनच पीठ चाळून भाकऱ्या केल्या. हनियाचे अब्बा अबूबकरभाई यांच्या दाताखाली कर्रकन वाजले.

"ही खडी कुठली?"

"आइसलँडची, अब्बा. सॉरी," हनिया पुटपुटली.

"काय गो, तिथे करतेस तरी काय?" खतिजाबाई कडाडल्या. "मी सगळ्यांना तू ऑफिसर होणार म्हणून सांगितलंय!"

हनियाने घाबरत सगळे सांगितले. मला वाटले, आता मी कचऱ्यात आणि ही घरात. खलास!

"म्हणजे लोकांचा कचरा बघून त्यांचं कसं चाललंय ते ओळखतेस?"

"येस, अम्मी."

"आणि मी शेजारच्या रिफतच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावले की 'अम्मी, डोन्ट!' म्हणतेस. तिच्याकडे हल्ली मटणाचं हाड दिसत नाही. नवऱ्याची नोकरी गेलीय. म्हणून तर काल बिर्याणी पाठवली."

खतिजाबाईंनी मला उचलून उजेडात धरले.

"त्या माशांच्या काटेवाल्यांना कुणी काही पाठवलं का गो?"

"माहीत नाही, अम्मी."

"मग जाऊन बघ ना! यल्ला, नीघ!"

मित्रांनो, मी पुन्हा बॅगेत बसले आहे. आम्हा जुन्या वस्तूंना वाटेल त्या कामाला जुंपा, आमची तक्रार नाही. फक्त परत पिठाकडे नेण्याआधी जाळी नीट घासा. अबूबकरभाईंची दाढ अजून दुखते आहे.